स्टीम इस्त्रीतून पांढरे कण पडतात, काय करू?

मंडळी, मदत हवी आहे. सासऱ्यांचे सुती सदरे आणि माझ्या कॉटनच्या साड्यांसाठी स्टीम इस्त्री घेतली. पहिले दोन महिने फार सुखाचे गेले. पाणी शिंपडून कपडे गुंडाळून ठेवायचं कामच संपलं. आता तळाच्या भोकांतून पांढरट कण आणि पिवळसर पाणी गळतं. काल धुतलेल्या सदऱ्याच्या कॉलरवरच डाग पडला, फार वाईट वाटलं. आमच्याकडे बोअरचं पाणी, बादलीलाही क्षार धरतात. डायल तीन टिंबांवरच असते, म्हणजे ताप कमी पडत नसावा. लिंबूसत्त्वाचं पाणी टाकीत भरून वाफ सोडली तर क्षार निघतील का, की आतलं रबर खराब होईल? आणि पुढे डिस्टिल्ड वॉटर वापरू की आरओचं चालेल? कुणी स्वतः करून पाहिलं असेल तर प्रमाणासकट सांगा.