चर्चा: विज्ञानकथेवरचं २२ मिनिटांचं एकच गाणं, की सहा वेगळी गाणी?

सड्यावरची (रत्नागिरी):
आमच्या गटात एका प्रश्नावरून चांगलीच जुंपली आहे, म्हणून इथे मांडते. आम्ही सहा भागांचं एक सलग गाणं रचतोय, साधारण २२ मिनिटांचं. गोष्ट अशी: पुढच्या शतकात राजापूरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, कातळशिल्पांपासून हाकेच्या अंतरावर, एक रेडिओ केंद्र आहे. तिथे काम करणारी बाई शनीकडे निघालेल्या यानातल्या आपल्या धाकट्या भावाशी बोलते. यान लांब जाईल तसा जबाब यायला उशीर होत जातो. चंद्राच्या अंतरावर सवाल जाऊन जबाब यायला अडीच सेकंद लागतात. मंगळाच्या अंतरावर, ग्रह कुठे आहेत त्याप्रमाणे, ६ ते ४४ मिनिटं. शनीपाशी दोन तासांच्या वर.

हा उशीर आम्ही शब्दांत सांगत नाही, चालीतच बांधलाय. जाखडी या कोकणातल्या नाचगाण्यात शक्तीवाले आणि तुरेवाले अशा दोन बाजू एकमेकींना कोडी घालतात आणि सोडवतात, तोच सवाल-जबाब घेतला. पहिल्या भागात बहिणीची ओळ संपली की लगेच समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, भावाची. दुसऱ्यात तालाचं एक आवर्तन, म्हणजे एक पूर्ण फेरा, मोकळं जातं, तिसऱ्यात चार. पाचव्यात ती भलतंच काही विचारत असताना तिसऱ्या भागातल्या सवालाचा जबाब येतो. सहाव्या भागात ती गातच नाही, नुसते जबाब येत राहतात.

आता मला सांगा, याची सहा सुटी गाणी कशी करायची? तिसऱ्यातला सवाल कानात नसेल तर पाचव्यातल्या जबाबाला काय अर्थ उरतो? तरी ऐकावं लागतं की लांब गाणं म्हणजे परदेशी रॉकवाल्यांची नक्कल. कॅनडाच्या रश या बँडने १९७६ साली '२११२' हे वीस मिनिटांचं, सात भागांचं गाणं तबकडीच्या एका अख्ख्या बाजूवर घातलं, हे खरं. पण रात्रभर दशावतार बघणाऱ्या आणि पोवाडे ऐकत वाढलेल्या माणसांना लांबी परकी कशी?

गजर (कणकवली):
ताई, कल्पना सुरेख आहे. तरीही माझा विरोध आहे आणि तो लांबीला नाही. दशावतारात रात्र निघते कारण प्रेक्षकाला आख्यान आधीच ठाऊक असतं. शिवाय तिथे गोष्ट पुढे नेतात ती आयत्या वेळी रचलेली गद्य भाषणं, पदं नव्हेत. पदाला गोष्ट सांगायची नसते म्हणून ते भावात रमू शकतं. तुमच्या गोष्टीत ही बाई कोण, भाऊ शनीकडे का निघाला, हे सगळं गाण्यानेच सांगायचं आहे. मग गाण्याच्या ओळींचं बातमीपत्र होतं. विज्ञानकथेवरच्या गाण्यांचा घात तिथेच होतो, पहिल्या कडव्यात साल, दुसऱ्यात ग्रह, तिसऱ्यात यंत्राचं नाव.

दोन भजनीबुवांच्या चुरशीचं, डबलबारीचं बघा. रूपावली, अभंग, गौळण, गजर असं चढत जातं. तास कसा गेला कळत नाही. पण गौळण समजायला मघाचा अभंग आठवावा लागत नाही. आणि '२११२'चंच उदाहरण द्यायचं तर त्या तबकडीच्या वेष्टनावर भागाभागांच्या मधला गोष्टीचा मजकूर छापलेला होता. म्हणजे नुसत्या गाण्यावर गोष्ट त्यांनीही सोडली नव्हती. सहा गाणी करा, प्रत्येक आपल्या पायावर उभं राहील असं.

डग्गा (देवगड):
मी सलग गाण्याच्या बाजूने, पण दोन अडचणी आहेत. मध्येच पट्टी बदलणार असाल तर आधी पखवाजाचं बघा. काळी दोनला लावलेला पखवाज चालू गाण्यात पांढरी चारला चढत नाही. वाद्या ताणणारे गठ्ठे ठोकायला वेळ लागतो, आणि आपल्या किनाऱ्यावरच्या दमट हवेत पुडी तशीही सैल पडते. आधीच लावून ठेवलेला दुसरा पखवाज जवळ घ्या, नाहीतर सगळं एकाच पट्टीत ठेवा. रेकॉर्डिंगमध्ये हे खपून जाईल, मंडपात नाही.

दुसरं, उशीर दाखवायला मोकळी आवर्तनं सोडली की ऐकणाऱ्याला वाटतं गायक विसरला. त्याऐवजी बहीण आठ मात्रांच्या केरव्यात आणि भाऊ सात मात्रांच्या रूपकात ठेवा. दोघांची सम ५६ मात्रांनी एकदा जुळते. मिनिटाला १२० मात्रांची लय धरली तर ते २८ सेकंद होतात. जबाब फक्त त्या जुळणीवर येऊ द्या. रूपकाची सम 'खाली'वर, म्हणजे टाळी नसलेल्या मात्रेवर, असल्यामुळे ती भेट दणक्यात होत नाही, निसटती वाटते, आणि तुमच्या गोष्टीला तेच शोभेल. मात्र त्या भागात तबला हवा. पखवाजावर सातासाठी तीव्रा आहे, पण त्याची सम भरीव पडते, हा परिणाम येणार नाही.

लाटांपल्याड (वेंगुर्ले):
आपल्याच किनारपट्टीवरचा एक आवाज खरोखर अंतराळात गेला आहे, त्याची कुणालाच आठवण नाही? शास्त्रीय गायिका केसरबाई केरकर, गोव्यातल्या केरी गावच्या. १९७७ साली सोडलेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीत त्यांची 'जात कहाँ हो' ही भैरवी आहे. व्हॉयेजर १ आता इतकं दूर आहे की तिथून निघालेला संदेश पृथ्वीवर पोचायला २३ तासांहून जास्त लागतात. आणि ती भैरवी किती लांब? साडेतीन मिनिटं. कुठे चाललीस हा एवढाच सवाल. त्यात यान नाही, ग्रह नाही, साल नाही. तुमची अख्खी गोष्ट त्यात आहे. सहा भागसुद्धा नकोत, एकच गाणं करा, चार मिनिटांचं. त्यात बहिणीचा शेवटचा सवाल ठेवा आणि जबाब देऊच नका.

दांडीवरचो (मालवण):
मी लहानपणापासून दशावतार बघत इलंय. मधीच डोळो लागलो तरी काय बिघडणा नाय, जाग इली की धागो परत गावता. तुमच्या गाण्यात एक भाग चुकलो तर फुडचा सगळाच गेला. जत्रेत माणसा उठतत, चाय पिऊन येतत, पोरांका खाजा घेऊन देतत. तेंचो इचार केलास?

सड्यावरची:
लाटांपल्याड, केसरबाईंची आठवण काढलीत म्हणून मनापासून आभार, ती भैरवी आमच्या गटात सगळ्यांची लाडकी आहे. पण त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूला तीन-चार मिनिटंच मावत. साडेतीन मिनिटं हे त्या साधनाचं माप होतं, रागाचं नव्हे. मैफलीत त्याच गळ्यातून राग किती सावकाश उलगडत असे! शिवाय न आलेला जबाब आणि उशिरा आलेला जबाब ही दुःखं वेगळी आहेत. मला दुसरं मांडायचं आहे. आमच्याकडे घरोघरी कुणीतरी बोटीवर किंवा आखातात असायचं. आईने पावसाच्या तोंडावर पत्रात काही विचारायचं आणि उत्तर येईपर्यंत घरातली परिस्थितीच बदललेली असायची. ते साडेतीन मिनिटांत सांगता येईल, पण ऐकणाऱ्याला वाट बघायला लावता येणार नाही.

गजरदादा, बातमीपत्राची भीती रास्त आहे. म्हणूनच आमच्या सहाही भागांत साल किंवा प्रकाशाचा वेग एकदाही येत नाही. बहिणीचे सवाल आहेत ते असे: ताप उतरला का, जेवलास का, तिथून आपला समुद्र निळाच दिसतो का. गोष्ट कळली नाही तरी उशीर कळेल.

डग्गा, केरवा-रूपकाची जुळणी पाचव्या भागात नक्की करून बघणार. पट्टी एकच ठेवतो. आणि दांडीवरच्या भावा, हे जत्रेसाठी नाही, बसून ऐकण्यासाठीच आहे. तेवढं ऐकणाऱ्याकडे मागायला मला संकोच वाटत नाही.

लाटांपल्याड:
उशीर आणि मौन यांतला फरक मान्य. तरी २२ मिनिटं मला फारच वाटतात. तिसरा आणि चौथा भाग एकच काम करतायत असं दिसतं.

गजर:
'जेवलास का' हे वाचून मी थोडा हललो, नाकारत नाही. पण ताई, तुमचं सगळं घर एकाच वाशावर उभं आहे: तिसऱ्या भागातला सवाल ऐकणाऱ्याच्या लक्षात राहिला पाहिजे. पोवाड्यात झीलकरी ध्रुवपद पुन्हा पुन्हा घेतात ते उगाच नाही. तुम्ही तर तो सवाल एकदाच विचारणार आणि दहा मिनिटांनी जबाब देणार. मग तो सवाल आठ मात्रांत मावेल एवढा लहान करा, चाल अशी ठेवा की पोरगंही उचलेल, आणि बहिणीकडून तीनदा तरी विचारून घ्या. मग गोष्टीतलं अक्षरही न सांगता कुणाच्या तरी ओटीवर चार माणसांना सगळं सलग ऐकवा. पाचव्या भागात जबाब आल्यावर त्यातल्या एकाने जरी आपणहून तो सवाल गुणगुणला, तर मी विरोध सोडतो. तोवर माझं मत सहा वेगळ्या गाण्यांचंच.