तुरुंगाच्या मालिकेतला 'वॉर्डन' मराठीत कोण?

तासगावची:
एका परदेशी मालिकेचे मराठी संवाद लिहिण्याचं काम सध्या हातात आहे. सगळी गोष्ट तुरुंगात घडते आणि कैद्यांइतकीच ठसठशीत पात्रं तिथल्या अधिकाऱ्यांची आणि पहारेकऱ्यांची आहेत. माझं घोडं तिथंच अडलंय. मुख्य माणसाला सगळे 'वॉर्डन' म्हणतात. पहिल्या भागात मी ते तसंच ठेवलं, तर आईने विचारलं, "हा हॉस्टेलचा माणूस आहे का गं?" तिचं काय चुकलं? सांगली-मिरजेला शिकायला राहिलेल्या कुठल्याही मुलीला वॉर्डन म्हटलं की वसतिगृहाच्या बाईच आठवणार. 'जेलर' करावं तर मालिकेत त्याच्या हाताखाली आणखी एक अधिकारी आहे, मग त्याला काय म्हणू? 'तुरुंगाधिकारी' दारावरच्या पाटीला शोभतं, कैद्याच्या तोंडी बसत नाही. आणि चावीवाल्यांना काय म्हणायचं? गार्ड, शिपाई, वॉर्डर, हवालदार?

वाईकर:
ताई, मालिका कुठल्या देशातली आहे ते आधी बघा. अमेरिकेत वॉर्डन म्हणजे अख्ख्या तुरुंगाचा प्रमुख. त्याच खुर्चीवरच्या माणसाला ब्रिटनमध्ये गव्हर्नर म्हणतात (त्याचं 'राज्यपाल' करून ठेवू नका). आणि जुन्या ब्रिटिश बोलण्यातला वॉर्डर म्हणजे चाव्या सांभाळणारा साधा पहारेकरी. वॉर्डन आणि वॉर्डर, एका अक्षराचा फरक. पण एक माडीवर बसतो आणि दुसरा बराकीपुढे उभा असतो.

आपली घडी इंग्रजांनी बसवलेली. १८९४च्या तुरुंग अधिनियमात वर सुपरिंटेंडंट आणि त्याच्या हुकुमात जेलर, अशी रचना आहे. त्यातला सुपरिंटेंडंट म्हणजे आपला अधीक्षक आणि जेलर म्हणजे तुरुंगाधिकारी. अधिकाऱ्यांच्या खाली सुभेदार, हवालदार आणि शिपाई. म्हणजे जेलर हा तुरुंगाचा मालक नव्हेच! पडद्यावर त्याला एवढं मोठं केलं की आपण अधीक्षकाला विसरूनच गेलो. तुमचा वॉर्डन हा अधीक्षक आणि त्याच्या हाताखालचा तो जेलर. इथं गाठ सुटते.

पण मला खरं बोलायचंय ते पुढचं. याच कायद्यात लिहिलंय की जेलरने तुरुंगातच राहायचं. दुसरीकडे राहायला अधीक्षकाची लेखी परवानगी हवी. एक रात्रसुद्धा लेखी परवानगीशिवाय बाहेर काढायची नाही. आता विचार करा, हे लिहिणाऱ्याच्या केवढ्या उपयोगाचं आहे. अधीक्षकाकडे सहीचा अधिकार आहे, पण रात्री कुठल्या बराकीत कोण कण्हत होतं ते जेलरला ठाऊक असतं. एकाला कैदी नंबराने माहीत, दुसऱ्याला खोकल्यावरून. दोघांनाही 'जेलर' म्हटलंत तर त्यांच्यातली सगळी ओढाताण हातची जाते. मराठी मालिकांत नेमकं हेच होतं आणि वाईट वाटतं. खाकी घातली की सगळे इन्स्पेक्टर! तुरुंगाचं खातं पोलिसांपासून वेगळं आहे, त्याचं नावच 'कारागृह व सुधारसेवा विभाग' आहे, हे लेखकाच्या गावीही नसतं. पोलीस पकडतो आणि जातो. तुरुंगातला शिपाई त्याच माणसाला वर्षानुवर्षं रोज बघतो. दोघांच्या बोलण्याचा सूर एक कसा असेल?

मिरजकर:
शिपायासाठी 'वॉर्डर' अजिबात वापरू नका. मराठी वाचकाला तो शब्द अंदमानच्या आठवणींतून माहीत आहे आणि तिथला वॉर्डर हा कैद्यांतूनच नेमलेला असतो. स्वतः शिक्षा भोगतोय आणि दुसऱ्यावर नजर ठेवतोय. मालिकेत तसं पात्र असलं तर मात्र हा शब्द त्याच्यासाठीच राखून ठेवा, दुसरा कुठलाच इतका नेमका बसणार नाही.

माणदेशी:
वाईकरांचं पटलं, पण संवादात 'अधीक्षक' तरी कोण म्हणतंय? समोर असला की 'साहेब', बाई असली की 'मॅडम'. पाठीमागे 'मोठे साहेब' आणि 'जेलरसाहेब'. शिपायाला काम असलं की 'मामा', नसलं की नुसतं आडनाव. पदाचं नाव कागदावर आणि पाटीवर दाखवा, तोंडात नाती घाला.

आमच्या आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर जाताजाता सांगतो. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी मॉरिस फ्रीडमन या गांधीवादी पोलिश इंजिनिअरच्या साथीने १९३९मध्ये ही कैद्यांची खुली वसाहत काढली. कैदी बायकापोरांसकट राहणार, शेती करणार. त्याच कल्पनेवरून गदिमांनी गोष्ट लिहिली आणि शांतारामबापूंचा 'दो आँखें बारह हाथ' १९५७मध्ये आला. गदिमा आमच्याच तालुक्यात शेटफळ्याला जन्मले. त्या गोष्टीतल्या अधिकाऱ्याकडे बघा. विश्वासाच्या बळावर सहा जणांना घेऊन माळरानात जाणाऱ्या माणसाला 'गार्ड' म्हणवत नाही. आणि वस्तीला भिंतच नसेल तर 'कोठडी', 'बराक', 'गजाआड' हे सगळे शब्द गळून पडतात. तुमच्या मालिकेत खुला तुरुंग आलाच तर 'वसाहत' म्हणा, आमच्याकडे तेच म्हणतात.

सांगलीवाडी:
माझी तक्रार क्रियापदांची आहे. मराठी मालिकेत परवा ऐकलं, 'तो जेल तोडून पळाला'. आपल्याकडे तुरुंग फोडतात! २४ जुलै १९४३ला स्वातंत्र्यसैनिक वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथीदार सांगलीच्या किल्ल्यातल्या तुरुंगातून निसटले, खंदक ओलांडून पळाले, मागून गोळ्या सुटल्या. सांगलीतलं पोरगंसुद्धा 'दादांनी तुरुंग फोडला' असंच सांगेल. तसंच 'सजा काटली' नको, 'शिक्षा भोगली' हवं. 'रिहा झाला' नको, 'सुटला' पुरे. नातेवाइकांच्या भेटीला मात्र 'मुलाकात' चालेल, लोक तसंच म्हणतात. आणि गावात कुणी 'तो कारागृहात आहे' म्हणत नाही. आवाज खाली आणून 'तो आत आहे' म्हणतात. कैद्याच्या आईच्या तोंडी हेच घाला.

तासगावची:
सगळ्यांचे मनापासून आभार. तिसऱ्या भागातलं एक वाक्य बदलून बघितलं. आधी होतं: 'वॉर्डनने गार्डला सांगून कैद्याला सॉलिटरीमध्ये टाकलं.' आता शिपाई दुसऱ्या शिपायाला म्हणतो: 'मोठ्या साहेबांनी सांगितलं, म्हणून त्याला अंधारकोठडीत टाकलं.' जमलं का?

वाईकर:
पहिला अर्धा भाग छान जमलाय. अंधारकोठडी मात्र काढा. त्या खोलीत दिवा जळत असेल तर तो शब्द खोटा पडतो आणि प्रेक्षक थेट किल्ल्याच्या तळघरात जातो. 'एकट्याला कोंडलंय' एवढंच ठेवा. आणि हुकूम जेलरकडून आलाय की वरून, ते त्या प्रसंगात पुन्हा एकदा तपासा. जेलरने मोठ्या साहेबांचं नाव नुसतं पुढे केलं असेल, तर 'सांगितलं' नको, 'सांगितलंय म्हणे' लिहा.