सहा आठवडे, सोळा नवे संशोधक आणि जहाजाचे तीनच दिवस: सागरविज्ञान, हवामानबदल आणि मत्स्यव्यवस्थापनाचं प्रशिक्षण कसं आखावं?

खारा_वारा

नमस्कार मंडळी. १६ नव्या संशोधकांसाठी ६ आठवड्यांचं निवासी प्रशिक्षण आखायचं आहे. ६ जण भौतिक सागरविज्ञानाचे, ७ मत्स्यजीवशास्त्राचे, ३ संख्याशास्त्राचे. सध्याचा आराखडा असा: २ आठवडे सागरी मोजमाप, २ आठवडे हवामानबदल, २ आठवडे मत्स्यसाठ्यांचं मूल्यमापन आणि व्यवस्थापन, शेवटच्या दिवशी सादरीकरण. संशोधन जहाज फक्त ३ दिवस मिळणार आहे.

भीती ही की तीन वेगळी प्रशिक्षणं एकाच छताखाली होतील आणि प्रत्येक जण आपापल्या भागापुरता जागा राहील. प्रश्न:

१. जहाजाचे ३ दिवस कसे वापरावेत?
२. मासळीचा डेटा त्यांनी स्वतः गोळा करावा की तयार द्यावा?
३. मत्स्यजीवशास्त्राच्या मुलांना हवामान प्रारूपं (मॉडेल) किती खोलात शिकवायची?
४. शेवटी त्यांच्याकडून नेमकं काय करून घ्यायचं?

मोजपट्टी

दोन-दोन-दोनची वाटणी आधी मोडा. पहिल्या सकाळी, काहीही न शिकवता, एक गणित द्या.

एका जातीची कमाल लांबी (एल-इन्फिनिटी) ६० सेंमी, वाढीचा गुणांक वर्षाला ०.४, आणि २० सेंमीपासून पुढचा मासा जाळ्यात पूर्णपणे सापडतो. त्याहून मोठ्या माशांची पकडीतली सरासरी लांबी ३० सेंमी. सरासरी लांबीवरून मृत्युदर काढणाऱ्या बेव्हर्टन-होल्टच्या सूत्राने एकूण मृत्युदर (तात्कालिक दर, टक्केवारी नव्हे, म्हणून १ च्या वर जाऊ शकतो) = ०.४ × (६० − ३०) ÷ (३० − २०) = १.२. नैसर्गिक मृत्युदर ०.५ धरला तर मासेमारीचा ०.७ उरतो, म्हणजे एकूण मरणातला ५८ टक्के वाटा मासेमारीचा. आता सरासरी ३४ करा. एकूण मृत्युदर ०.७४ वर येतो, मासेमारीचा वाटा ३३ टक्के. ५० टक्क्यांची जुनी ढोबळ रेघ लावली तर पहिल्या उत्तरात साठ्यावर जादा मासेमारी चालली आहे आणि दुसऱ्यात सगळं आलबेल. फरक ४ सेंमीचा.

मग विचारा, हे ४ सेंमी येतात कुठून? पुढचे दोन आठवडे त्याच प्रश्नावर घालवता येतात.

सगळ्यात साधी चूक मोजफळीवरची. दुभंगलेल्या शेपटीचा मासा एकाने शेपटीच्या टोकापर्यंत मोजला, दुसऱ्याने खाचेपर्यंत. दोन्ही आकडे एकाच रकान्यात. वाढीचे गुणांक पूर्ण लांबीवरून काढलेले असतील तर खाचेपर्यंतच्या मापाने मासे लहान ठरतात आणि मृत्युदर फुगतो. उपाय म्हणजे नोंदीच्या अर्जावर लांबीचा प्रकार आधीच छापलेला हवा, आणि मोजणाऱ्या प्रत्येकाने तेच ३० मासे दोनदा मोजायचे, दुसऱ्यांदा क्रम बदलून.

दुसरी चूक जास्त महागात पडते: वर्गवारी झालेल्या मासळीचा नमुना. समजा १,२०० किलो उतरले, त्यात २०० किलो मोठा मासा वेगळा काढलेला आणि १,००० किलो लहान. दोन्ही ढिगांतून १५-१५ किलो मोजले. नवशिका १,२०० ÷ ३० = ४० हा एकच गुणक सगळ्यांना लावतो. खरे गुणक मोठ्यांसाठी १३.३ आणि लहानांसाठी ६६.७ आहेत. म्हणजे मोठे मासे तिप्पट मोजले गेले, लहान ०.६ पटच. सरासरी लांबी वर सरकली आणि मासेमारीचा दाब कमी दिसला. यात गणित चुकलेलं नाही, फक्त ढीग कसा लावला होता ते कुणी वहीत लिहिलं नाही.

म्हणून प्रश्न २ चं उत्तर: डेटा स्वतःच गोळा करू द्या, पण थोडाच. दोन सकाळी, प्रत्येक गटाने एका जातीचे २०० मासे. त्यानंतर मोठा तयार संच द्या. २०० मासे मोजलेला माणूस तयार संचाकडे वेगळ्या संशयाने बघतो.

ओटोलिथला (माशाच्या कानातला खडा, त्यातली कडी मोजून वय काढतात) दीड दिवस पुरे. वय वाचायला तेवढ्यात कुणी शिकत नाही. शिकायचं ते असं की दोन वाचक लांबी न बघता वाचतात, कारण लांबी दिसली की मोठ्या माशाला नकळत जास्त कडी मोजली जातात. शिवाय ओटोलिथ न कापता अख्खं वाचलं तर म्हाताऱ्या माशांचं वय कमी येतं, कारण शेवटची कडी जाडीच्या दिशेने चढतात, वरून दिसतच नाहीत. राळेत बसवून ०.३ ते ०.५ मिमी जाडीचा काप काढला की दिसतात. वय कमी वाचलं की मासा झटपट वाढणारा आणि झटपट मरणारा वाटतो, आणि साठा आहे त्यापेक्षा चिवट समजला जातो.

डेकवरून

जहाजाबद्दल. ३ दिवसांत ३० स्थानकं उरकण्याचा मोह टाळा. १६ जण एकावेळी डेकवर नकोतच. विंच (उपकरणांची तार सोडणारं-गुंडाळणारं यंत्र) चालू असताना डेकवर हेल्मेट आणि जीवरक्षक जॅकेट घातलेले ५-६ जण खूप झाले. चौघांचे चार गट करा: डेक, ओली प्रयोगशाळा, नोंदी, विश्रांती. दर ६ तासांनी फिरवा. विश्रांतीचा गट गाळू नका. बोट लागलेल्या माणसाच्या हातून बाटल्यांचे क्रमांक उलटे लिहिले जातात.

पहिला अर्धा दिवस जहाज धक्क्याला बांधलेलंच असू द्या. रोझेट (बाटल्या बसवायची गोल चौकट) जोडणं, निस्किन बाटल्या (हव्या त्या खोलीवर बंद होऊन पाणी पकडणाऱ्या) उघड्या अडकवणं, दोऱ्या तपासणं, अर्ज भरणं, सगळं स्थिर डेकवर. मग ४ स्थानकं, आणि त्यातलं एक दिवसा आणि रात्री दोन्ही वेळा. प्राणीप्लवक (पाण्यात तरंगणारे बारीक प्राणी) रात्री वर येतात हे सगळ्यांना पाठ असतं, पण एकाच जागच्या दोन बाटल्या शेजारी ठेवल्या की नमुन्याची वेळ लिहायची सवय आपोआप लागते.

सीटीडी (वाहकता, तापमान आणि खोली मोजणारं उपकरण; वाहकतेवरून क्षारता काढतात) उतरवताना: आधी सुमारे १० मीटरवर ३ मिनिटं थांबवा, म्हणजे पंप चालू होतो, नळीतली हवा निघते आणि संवेदक पाण्याच्या तापमानाला येतात. मग पृष्ठभागाजवळ आणून सेकंदाला साधारण १ मीटर वेगाने खाली. वाहकतेच्या नळीत बुडबुडा राहिला तर क्षारता खोटी कमी दिसते, आणि नवशिके त्याला गोड्या पाण्याचा थर म्हणून मोकळे होतात. तापमान झपाट्याने बदलतं त्या थरात क्षारतेचे टोकदार काटे दिसले तर तेही खरे नसतात. तापमान आणि वाहकता यांचे संवेदक एकाच क्षणी प्रतिसाद देत नाहीत म्हणून येतात. हे काटे मुलांना स्वतः काढायला लावा. आधीच साफ केलेली फाईल दिलीत तर हा धडा बुडाला.

बाटल्या वर येताना बंद करायच्या, प्रत्येक खोलीवर निदान ३० सेकंद थांबून, कारण रोझेट आपल्याबरोबर खालचं पाणी ओढून आणतं. डेकवर पाणी काढायचा क्रम ठरलेला: विरघळलेला ऑक्सिजन सगळ्यात आधी, मग पोषकद्रव्यं आणि क्लोरोफिल, क्षारता शेवटी. ऑक्सिजनच्या बाटलीत नळी तळापर्यंत घालून बाटलीच्या दोन-तीन पट पाणी वाहू द्या, नळीत एकही बुडबुडा नको, आणि विंकलर पद्धतीची (पाण्यातला ऑक्सिजन बांधून ठेवणारी) दोन्ही रसायनं तिथल्या तिथे पृष्ठभागाखाली सोडा. आधी चहा आणि मग रसायनं असं झालं तर तो नमुना ओतून द्या.

कार्बोनेट रसायनशास्त्राचे नमुने मर्क्युरिक क्लोराइडने टिकवावे लागतात. ते जालीम विष आहे. विल्हेवाटीची सोय आणि जाणकार माणूस नसेल तर हा भाग वर्गातच ठेवा.

प्लवकजाळ्याचं गणित तिथेच करून घ्या. ६० सेंमी व्यासाचं तोंड, म्हणजे ०.२८३ चौमी. ५० मीटर उभं ओढलं तर कागदावर १४.१ घनमीटर. प्रवाहमापक ९ म्हणाला तर जाळं चोंदलं आहे. १४.१ ने भागलं तर प्लवकांची घनता खऱ्याच्या ६४ टक्केच निघेल. नमुन्याचे जागीच दोन भाग करा. एक बोरॅक्स घातलेल्या फॉर्मेलिनमध्ये ओळखीसाठी, दुसरा ९५ टक्के इथेनॉलमध्ये. फॉर्मेलिनमधून पुढे डीएनए धड निघत नाही.

आणि एक किरकोळ वाटणारी गोष्ट. १५ अंश ३० मिनिटं हे कुणीतरी १५.३० लिहिणारच. खरं १५.५० आहे. अक्षांशातली ही चूक १२ सागरी मैलांची. वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळ), अक्षांश-रेखांश दशांशात, आणि अर्ज तिथेच दुसऱ्याने तपासून सही करायची.

सरासरीचा_शत्रू

प्रश्न ३. हवामान प्रारूप चालवायला शिकवू नका, त्याचा निकाल वाचायला शिकवा. चार दिवस पुरतात.

पहिला दिवस निरीक्षणांचा. अर्गो तरंगक (समुद्रात सोडलेलं स्वयंचलित यंत्र) साधारण दर १० दिवसांनी २,००० मीटरपासून वर येत तापमान आणि क्षारता मोजतो. फाईलमध्ये दर्जाचे शिक्के असतात: १ म्हणजे चांगलं, ४ म्हणजे वाईट. तात्काळ आलेला डेटा आणि नंतर तपासलेला डेटा वेगळे असतात. शिक्के न बघता काढलेला आलेख आणि बघून काढलेला, दोन्ही भिंतीवर लावा. उपग्रहाच्या क्लोरोफिलमध्ये सापळा निराळा: सीविफ्स या उपग्रह-संवेदकाची मालिका १९९७ पासून, मोडिस-अ‍ॅक्वाची २००२ पासून. दोन मालिका नुसत्या चिकटवल्या तर सांध्यावर जी पायरी दिसते ती समुद्राची असेलच असं नाही.

दुसरा दिवस कलाचा, म्हणजे ट्रेंडचा. मत्स्यजीवशास्त्राच्या मुलांना हे सगळ्यात गरजेचं. ३० वर्षांची तापमान-मालिका म्हणजे ३० स्वतंत्र आकडे नव्हेत. लागोपाठच्या वर्षांचा सहसंबंध ०.६ असेल तर स्वतंत्र आकड्यांची परिणामकारक संख्या ३० × (१ − ०.६) ÷ (१ + ०.६) = ७.५. साडेसात आकड्यांवर पिल्लांची आवक आणि तापमान यांचं नातं सिद्ध करायला निघालेले प्रबंध कमी नाहीत. त्यात २० पर्यावरणीय घटक चाळून बघितले तर ५ टक्क्यांच्या कसोटीवर एखादा योगायोगानेच पास होतो. सराव असा द्या: शेवटची ८ वर्षं लपवा, नातं बसवायला सांगा, मग लपवलेली वर्षं उघडा.

सागरी उष्णतेच्या लाटेची व्याख्याही हाताने मोजून घ्या: तारखेनुसार काढलेल्या ९० व्या शतमकाच्या (ज्या तापमानाखाली ९० टक्के नोंदी येतात त्याच्या) वर किमान सलग ५ दिवस, पाया शक्यतो ३० वर्षांचा. पायाची वर्षं बदलली की लाटांची संख्या बदलते. हे एकदा पाहिलं की दोन शोधनिबंधांतले आकडे कुणी डोळे मिटून शेजारी ठेवत नाही.

उरलेले दोन दिवस भविष्याचे. जागतिक प्रारूपांच्या चौकटी समुद्रात बहुधा १ अंशाच्या आसपास, विषुववृत्ताजवळ म्हणजे १०० किमीच्या घरात. किनाऱ्यालगत वर येणारं थंड पाणी त्यात नीट उमटत नाही, आणि मासळी नेमकी तिथे असते. म्हणून प्रारूपाचं तापमान थेट उचलायचं नाही. प्रारूपातला बदल काढून तो निरीक्षणांवर चढवायचा. एकाच प्रारूपावर विसंबायचं नाही. पुढच्या १०-२० वर्षांत हरितगृह वायूंच्या उत्सर्जनाची वाट कोणती यापेक्षा नैसर्गिक चढउतार आणि प्रारूपांतले फरक मोठे असतात. वाटेचा फरक शतकाच्या उत्तरार्धात वरचढ होतो. व्यवस्थापक विचारतो पुढच्या ५ वर्षांचं, आणि मुलं नकाशा दाखवतात २१०० चा.

खारा_वारा

मोजपट्टीचं गणित पहिल्या सकाळी नक्की घेतो. दोन शंका. संख्याशास्त्राच्या तिघांना जहाजावर न्यायचं का? त्यांच्या जागी जीवशास्त्राचे तिघे जास्त वेळ डेकवर राहू शकतील. आणि व्यवस्थापनाच्या भागात हवामान नेमकं कुठे जोडायचं? शेवटच्या आठवड्यात एक व्याख्यान टाकणं मला पटत नाही.

डेकवरून

न्याच. पुढे त्रुटीची प्रारूपं तेच लिहिणार आहेत. नोंदींचा गट त्यांच्याकडे द्या, चौथा कुणीही.

कोटा_की_काटा

हवामान व्याख्यानात नको, गुणांकात घाला. साठ्याची वाढ आणि पकड यांचं शेफरचं साधं प्रारूप स्प्रेडशीटवर पुरतं.

वाढीचा दर ०.४, धारणक्षमता (मासेमारी नसताना समुद्र पेलेल तो साठा) १०,००० टन. कमाल शाश्वत उत्पादन = ०.४ × १०,००० ÷ ४ = १,००० टन, साठा ५,००० टनांवर. कोटा १,००० टन ठरवा. इथपर्यंत सगळे खूश. आता पाणी तापलं आणि वाढीचा दर ०.३ झाला असं धरा, पण हे गटांना सांगू नका. कोटा तसाच. पहिल्या वर्षाअखेर साठा ४,७५०, तिसऱ्या ४,२४०, पाचव्या ३,६९०, दहाव्या सुमारे १,८२०, आणि तेराव्या वर्षी कोटा भरेल इतका मासाच उरत नाही.

गंमत सुरुवातीच्या वर्षांत आहे. साठा वर्षाला ५-६ टक्क्यांनी घसरतो. गटांना खरा आकडा दाखवू नका. त्यावर २५ टक्के यादृच्छिक त्रुटी चढवलेला सर्वेक्षणाचा आकडा द्या आणि विचारा, कोटा कधी कमी कराल? बहुतेक गट चार-पाच वर्षं 'अजून पुरावा नाही' म्हणतील. मग दुसरा नियम लावा: दरवर्षी साठ्याच्या २० टक्के पकड. त्याच तापलेल्या समुद्रात साठा हळूहळू ३,३३३ टनांकडे स्थिरावतो, पकड ६६७. उत्पन्न घटतं, मासेमारी टिकते. या नियमातही सर्वेक्षणाची त्रुटी थेट पकडीत उतरते, तेव्हा कोटा वर्षाला १५ टक्क्यांहून जास्त हलवायचा नाही अशी अट घालून बघा. अट घातली की मच्छीमारांना स्थैर्य मिळतं, पण घसरण वेगाची असेल तर तीच अट अंगाशी येते. हे गटांनी आपल्याच आलेखावर पाहायला हवं.

सीपीयूईला (मेहनतीच्या एककामागे, उदा. समुद्रातल्या एका दिवसामागे, मिळणारी पकड) एक अख्खा दिवस ठेवा. मासा थव्याने राहणारा असेल तर साठा निम्म्यावर आला तरी उरलेले थवे शोधून बोटी तेवढीच पकड आणतात. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्याजवळच्या 'नॉर्दर्न कॉड' माशावर १९९२ मध्ये बंदी घालावी लागली, त्याआधी व्यापारी बोटींच्या पकडीचे दर साठ्याची घसरण झाकत होते. गटांना १० वर्षांची पकड आणि समुद्रातले दिवस द्या, त्यातल्या पाचव्या वर्षी बोटींवर सोनार (ध्वनीने थवे शोधणारं यंत्र) आलं ही नोंद मात्र मागितल्याशिवाय देऊ नका. कोण मागतो ते बघा. आणखी एक: पकड सतत वाढत आणि सीपीयूई सतत घसरत गेलेल्या एकतर्फी मालिकेतून वाढीचा दर आणि धारणक्षमता वेगळी करता येत नाही. मोठा साठा पण मंद वाढ, किंवा लहान साठा पण झपाट्याची वाढ, दोन्ही तितकीच छान बसतात. संगणक उत्तर देतो म्हणून ते उत्तर आहे असं नाही.

प्रश्न ४: सादरीकरण रद्द करा. मिश्र गटाकडून दोन पानांचं सल्लापत्र घ्या, मासेमारी व्यवस्थापकाला उद्देशून. त्यात साठ्याची स्थिती, तीन पर्याय (उदा. कोटा, जाळ्याच्या आसाचा (छिद्राचा) आकार, बंदीचा काळ), प्रत्येकात कोण काय गमावतं, आणि कोणती अनिश्चितता निर्णय फिरवू शकते. गुण या शेवटच्या कलमाला सगळ्यात जास्त.

मोजपट्टी

त्याला पुरवणी. पाचव्या आठवड्यात प्रत्येक गटाला मुद्दाम ६ चुका पेरलेला डेटा द्या: एका दिवसाची लांबी खाचेपर्यंत मोजलेली, एक ढीग चुकीच्या गुणकाचा, एक स्थानक १२ मैल सरकलेलं, एक सीटीडी बुडबुड्यासकट, एक अर्गो फाईल शिक्के न गाळता, आणि सोनारची गायब नोंद. किती सापडल्या हे बघाच, पण न सापडलेली प्रत्येक चूक सल्लापत्रातला कोणता आकडा किती हलवते हे त्यांच्याकडूनच काढून घ्या. बुडबुडा बहुधा काहीच हलवणार नाही. ढिगाचा गुणक सगळं पत्र उलटं करेल.