प्रति: आईचं प्रेडनिसोलोन कधी सुटणार?

आईला आमवात, कित्येक वर्षं रोज प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडची गोळी, आणि आता धंतोलीतल्या डॉक्टरांनी बायोलॉजिक (जिवंत पेशींपासून बनवलेल्या औषधाचं) इंजेक्शन सुचवलंय, असं ताईंनी लिहिलंय. त्यावर वर एकांनी 'इंजेक्शन सुरू झालं की गोळी बंद करून टाका' असा सल्ला दिलाय. असं करू नका जी! इतका काळ स्टेरॉइड घेतल्यावर मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथी स्वतःचं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं नैसर्गिक स्टेरॉइड, बनवणं कमी करतात. गोळी एकदम थांबली तर बीपी कोसळून जिवावर बेतू शकतं. डोस हळूहळू उतरवायचा, तोही डॉक्टरांच्या हिशोबाने.

स्टेरॉइड सगळी प्रतिकारशक्ती सरसकट दाबतं. ॲडॅलिम्युमॅबसारखं बायोलॉजिक इंजेक्शन टीएनएफ हा दाह वाढवणारा एकच रेणू अडवतं, त्यामुळे स्टेरॉइडसारखी हाडं ठिसूळ होत नाहीत, साखर चढत नाही. पण शरीरात दबून बसलेले क्षयाचे जंतू कोंडून ठेवायचं काम हाच टीएनएफ करतो. म्हणून पहिल्या डोसआधी छातीचा एक्स-रे, मांटू (क्षयाची त्वचेवरची चाचणी) किंवा इग्रा (क्षयाची रक्तचाचणी), शिवाय हिपॅटायटिस बीची तपासणी झालीच पाहिजे. आपल्याकडे तर यात सूट नाहीच.

खर्चाचं म्हणाल तर झायडसने 2014 मध्ये ॲडॅलिम्युमॅबचं भारतीय बायोसिमिलर (मूळ औषधाशी जवळपास सारखी आवृत्ती) आणलं, तेव्हापासून मूळ ब्रँडपेक्षा स्वस्त पर्याय आहे. तरी आधी विचारा, मेथोट्रेक्सेट हे आमवाताचं नेहमीचं औषध पुरेशा डोसमध्ये देऊन झालंय का? ते स्वस्त आहे, पण आठवड्यातून एकदाच घ्यायचं. चुकून रोज घेतलं तर घातक.

आणि हो, इंजेक्शन 2 ते 8 डिग्रीत ठेवावं लागतं. नागपूरच्या मे महिन्यात आइस पॅकच्या डब्यातूनच आणा, पण पॅकला टेकवून नको. गोठलं की वाया.