बोटीवरून किनाऱ्यावर ये-जा करायला डिंगी: हायपॅलॉनचा एवढा हट्ट कशाला?

शीडवाला: हवेने फुगवायच्या डिंगीबद्दल, म्हणजे किनाऱ्यावर ये-जा करायच्या छोट्या होडीबद्दल, कालच्या पोस्टमध्ये एकाने ठोकून दिलंय, "पीव्हीसीची डिंगी म्हणजे पैसे पाण्यात. हायपॅलॉन घ्या आणि निर्धास्त राहा." इतकं सोपं नाही हो! उन्हापुढे हायपॅलॉन, म्हणजे कृत्रिम रबराचं कापड, पीव्हीसीच्या प्लॅस्टिकपेक्षा सरस, मान्य. पण खडकाळ किनाऱ्यावर कालवांच्या धारेवरून ओढलीत तर दोन्ही फाटतात. टिकाऊ हवी तर आधी तळ बघा. फायबरग्लासचा जेलकोट, म्हणजे वरचा गुळगुळीत थर, वाळूत घासून जातो. ॲल्युमिनियमला पोचे पडतात, पण होडी चालत राहते.

जुना तांडेल: ऊन 'मान्य' म्हणून पुढे पळू नका. उष्ण पट्ट्यात बोटीवर राहणाऱ्याला तोच तर मुख्य त्रास. पीव्हीसी उन्हाने आधी चिकट होतं, मग कडक. आमच्या शेजारी नांगरलेल्या जोडप्याच्या डिंगीची ट्रान्समजवळची (इंजिन लावायच्या मागच्या फळीजवळची) शिवण भर वाऱ्यात सुटली. दोघं जीव खाऊन वल्हवत होती आणि मागेच जात होती. दोर फेकून ओढून घेतलं आम्ही.

शीडवाला: शिवण चिकटवलेली होती की वेल्ड केलेली, तेही सांगा ना. पीव्हीसी गरम हवेने वेल्ड होतं. हायपॅलॉन हाताने चिकटवावं लागतं, म्हणजे सगळी भिस्त कारागिरावर. शिवाय ड्यूपाँटने हायपॅलॉन बनवणं २०१० मध्येच बंद केलं. आज त्या नावाने मिळतं ते इतर कंपन्यांनी बनवलेलं त्याच जातीचं रबर, सीएसएम. कापड कोणाचं, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

वल्हंच बरं: हवेच्या डिंग्यांवरून कसले भांडता? कडक होडी घ्या. सरळ वल्हवता येते, पंक्चर नाही, इंजिनही नको.

जुना तांडेल: आणि काठावर पाय दिला की कलंडते! लाटेत पोरंबाळं, पाण्याचे कॅन घेऊन चढून दाखवा.

ओहोटी: इंजिनाचं कोणीच बोलत नाही. १५ हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक साधारण ३६ किलो, फोर-स्ट्रोक ५०च्या आसपास. डुलत्या डिंगीतून ते रेलिंगवर चढवणार कोण? माझी कंबर त्यातच गेली. टू-स्ट्रोकच घ्या.

शीडवाला: म्हणजे पेट्रोलमध्ये मिसळलेल्या तेलाचा तवंग रोज पाण्यावर सोडायचा? ज्या खाडीत पोहता तिथेच?

ओहोटी: तुमच्या बोटीवर डिंगी उचलायचे दांडे, डेव्हिट, असतील, आमच्याकडे दोन हात आहेत. उपदेश नको.

वल्हंच बरं: म्हणून म्हणतो, इंजिन नको.

ओहोटी: वारा समोरून असताना मैलभर वल्हवा, मग बोलू. आणि रात्री डिंगी पाण्यात सोडू नका. आमची साखळी कापून नेली, इंजिनासकट. तेव्हापासून हॅलियार्डने, म्हणजे शीड चढवायच्या दोराने, रोज उचलतो. म्हणून तर वजनाचं एवढं बोलतोय. ॲल्युमिनियमचा तळ मलाही पटतो, पण तो हलका असतो म्हणून.

जुना तांडेल: वेल्ड केलेली शिवण आणि वरून जाड कापडाची खोळ असेल तर पीव्हीसी चालेल, एवढंच देतो. पण खोळ पहिल्या दिवसापासून हवी. आणि हायपॅलॉन वाईट असं मी अजूनही म्हणू देणार नाही.

शीडवाला: वाईट म्हटलंच कुठे? वरचं पुन्हा वाचा.