पुरुष कामगारांनाही २५,००० पर्यंत व्यवसाय कर माफ करावा का?

करवीरकर
महिलांना १ एप्रिल २०२३ पासून महिना २५,००० पगारापर्यंत व्यवसाय कर नाही. पुरुषांची मर्यादा मात्र ७,५०० वरच अडकली आहे. ७,५०१ ते १०,००० ला महिना १७५, आणि १०,००० च्या वर गेला की २००, फेब्रुवारीत ३००. वर्षाचे २,५००. राज्यघटनेच्या कलम २७६ ने कमाल मर्यादाच २,५०० ठेवली आहे, त्यामुळे १३,००० वाला मोल्डर आणि दीड लाखाचा मॅनेजर, दोघांची कपात तीच.

कोल्हापूरजवळच्या शिरोलीतल्या फौंड्रीची (ओतकाम कारखान्याची) पगाराची स्लिप बघा. पगार १३,०००. पीएफ १,५६०, ईएसआय (कामगार राज्य विमा) पाऊण टक्क्याने ९८, पीटी म्हणजे हाच व्यवसाय कर २००. हातात ११,१४२. पीएफ त्याच्या खात्यात साठतो, ईएसआयच्या बदल्यात दवाखाना मिळतो. पीटीचं त्याला काय मिळतं? कागलपासून पुढं निपाणी गाठली की कर्नाटक लागतं, तिथं २०२३ पासून २५,००० पर्यंत कर शून्य, बाई असो वा पुरुष. एकाच हायवेवर दोन न्याय आहेत. मर्यादा सगळ्यांना एकच करा, एवढीच मागणी.

खर्चीवाला
मला हे पटत नाही. पीटी १९७५ साली लागला तोच रोजगार हमीला पैसा उभा करायला. आणि माफीचा फायदा कुणाला? ज्याच्याकडे स्लिप आहे त्याला. इचलकरंजीत साध्या यंत्रमागावरच्या किती जणांना स्लिप मिळते? मजुरी रोखीत, आठवड्याला. त्याची पीटी कापलीच जात नाही, मग माफ काय करणार? स्लिपवाल्याला पीएफ, ईएसआय, बोनस आधीच आहे. कामगारांत त्यातल्या त्यात जो बरा आहे, त्यालाच तुम्ही आणखी देताय.

शिवाय खर्चीवर, म्हणजे व्यापाऱ्याचं सूत मजुरीवर विणून देत, चार-आठ माग चालवणारा मालक स्वतःही वर्षाला २,५०० भरतो, मागावर बीम (उभ्या सुताचा रूळ) असो वा माग बंद असो. त्याचा विचार या चर्चेत कुणी करणार आहे का?

कागल नाका
दोघंही २,५०० रुपयांवर अडलाय. राज्याचा मोठा कर पंपावर आहे. पेट्रोलवर व्हॅट २५ टक्के, शिवाय लिटरमागं ५ रुपये १२ पैसे. पंपाचा दर १०४ धरा. त्यातले ५.१२ वजा करून १.२५ ने भागा, साधारण ७९ येतात. म्हणजे लिटरमागं जवळपास २५ रुपये राज्याकडं.

गावाकडून कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत रोज जाऊन-येऊन ४० किलोमीटर, महिन्याला २६ दिवस, गाडीचं अ‍ॅव्हरेज ५०. २१ लिटर लागतात. महिन्याला ५२० च्या आसपास, वर्षाला ६,२०० च्या वर. पीटीच्या अडीचपट. सेकंड शिफ्ट सुटल्यावर गावाकडं एसटी नसते, त्यामुळं गाडी ही चैन नव्हे. आणि हा कर रोखीवाल्यालाही चुकत नाही, तेव्हा खर्चीवाले, तुमची अडचणही यात सुटते.

करवीरकर
पेट्रोलचा हिशेब मान्य. दर कमी केला तर मोठ्या गाडीवाल्यालाही तेवढीच सवलत जाते, हा त्यातला दोष, पण आकडा खरा आहे.

खर्चीवाल्यांच्या मुद्द्यावर जरा थांबतो, कारण स्लिप का नाही याचं उत्तर फक्त मालकाकडं नाही. कामगारच म्हणतो, "बायकोचा पगार रोखीत द्या." का म्हणतो, ते बघा. तो १३,०००, ती पॅकिंगला ९,०००. दोघांचं वर्षाचं २,६४,०००. लाडकी बहीणची मर्यादा अडीच लाख. १४,००० साठी महिन्याचे १,५०० जातात, म्हणजे वर्षाला १८,०००. रेशनचं तर विचारूच नका. प्राधान्य कुटुंबाची मर्यादा शहरात वर्षाला ५९,०००, गावात ४४,०००. केशरी कार्ड एक लाखापर्यंतच. कायद्यानं पगार देणाऱ्या कारखान्यातला एकटा माणूस १,५६,००० कमावतो, म्हणजे कागदावर तो पांढऱ्या कार्डाचा, ज्यावर स्वस्त धान्य मिळत नाही. चार माणसांचं महिन्याचं २० किलो धान्य, ३५ रुपये किलो धरलं तरी ७०० रुपये. अपात्र कार्डं शोधायला माणसं आली की पहिली धास्ती स्लिपवाल्याला.

मग ती रोखीत जाते. महिन्याला ईएसआयचे ६८ आणि पीएफचे १,०८० रुपये कपात वाचते, आणि जातं काय? ईएसआयमधली २६ आठवड्यांची पगारी बाळंतपणाची रजा, आजारपणात ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार, आणि पीएफ. किमान वेतन ठरवणारं खातं एक आणि उत्पन्नाची मर्यादा ठरवणारं दुसरं. मर्यादा किमान वेतनाच्या पटीत बांधली आणि महागाई भत्त्याबरोबर सरकवली, तर हा लपंडाव थांबेल. पीटीपेक्षा ही मागणी मोठी आहे, हे मी मान्य करतो. पीटीची सोडतो असं नाही.

पंचगंगा घाट
आरोग्याचं कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. तिथं उत्पन्नाची भिंत पडलेली आहे. महात्मा फुले योजनेत (सरकारची मोफत उपचारांची योजना) १ जुलै २०२४ पासून पांढरं कार्डही चालतं आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. अडतं ते कागदावर. रेशनकार्डातलं आणि आधारवरचं नाव जुळत नाही. बाळाचं नाव चढवलेलं नसतं. आणि आपल्याकडचा खास घोळ म्हणजे सून निपाणी-चिक्कोडीकडची असते. तिचं नाव माहेरच्या कर्नाटकातल्या कार्डावरच राहतं. तिथून नाव कमी केल्याचा दाखला आणल्याशिवाय इकडं नाव चढत नाही, आणि ते आठवतं ऑपरेशनच्या आदल्या दिवशी. लग्न झाल्या महिन्यातच हे काम करून घ्या.

दवाखान्यात गेल्यावर आधी आरोग्यमित्राचा (योजनेच्या मदतनिसाचा) टेबल गाठायचा, बिलिंगचा काउंटर नव्हे. "योजना आहे का" एवढंच विचारू नका. "या आजारासाठी आहे का" असं विचारा, कारण एखादं हॉस्पिटल हाडांच्या उपचारांसाठी यादीत असतं आणि हृदयाच्या नसतं. तातडीचं असेल तर फोनवरून कळवून उपचार सुरू होतात, कागद मागून. मंजुरीनंतर त्या आजाराची औषधं, तपासण्या, जेवण पॅकेजमध्येच. बाहेरून इम्प्लांट आणायला सांगितलं तर चिठ्ठीवर लिहून मागा आणि १५५३८८ वर तक्रार नोंदवा.

पण या योजनेत बीपी-शुगरच्या रोजच्या गोळ्या नाहीत, आणि गरिबाचा खिसा कापतात त्या याच. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत सगळं मोफत आहे. कोल्हापूरचं सीपीआर हे मोठं सरकारी रुग्णालय मात्र वैद्यकीय शिक्षण विभागाकडं, त्यामुळं तो आदेश तिथला नाही. बावड्याचं सेवा रुग्णालय, इचलकरंजीचं आयजीएम, गावातलं प्राथमिक आरोग्य केंद्र, इथं तो लागू. महिन्याच्या गोळ्यांसाठी सीपीआरच्या रांगेत दिवस घालवून मजुरी बुडवू नका.

खर्चीवाला
ताई, माहिती उपयोगाची आहे. तरी मूळ गोष्ट मजुरीची. ५२ पिकाचं, म्हणजे इंचाला ५२ आडवे धागे असलेलं कापड घ्या. मिनिटाला १२० पिकं पडणारा साधा माग एका मीटरला १७ मिनिटं घेतो. १२ तासांत शंभर टक्के चालला तर ४२ मीटर, पण सूत तुटतं, आडव्या सुताची कांडी बदलायची असते, बीम संपतं, म्हणून हातात ३२ च्या आसपास. एक तास लाईट गेली की मागाला साडेतीन मीटर बुडाले, सहा मागांचे २१. कामगाराचं बुडतं आणि माझंही, कारण व्यापारी मला पिकावरच मजुरी देतो, तीही उधारीवर. कामगाराची मजुरी महागाई भत्त्यानं वाढते, माझी वाढवायला कुठला कायदा आहे? राज्यानं व्यापाऱ्याकडून मिळणारी मजुरी आधी बांधून द्यावी, मग स्लिप मागावी.

कांडीवाला
व्यापाऱ्याची मजुरी बांधायची मागणी रास्त आहे, त्यात कामगार तुमच्याबरोबर येतील. पण "मग स्लिप" हे मान्य नाही. पिकावर मजुरी असली तरी दिवसाच्या किमान वेतनाच्या खाली जाता येत नाही. काम करायला हजर असलेल्या माणसाला मालकाकडून काम मिळालं नाही तर तो दिवस पूर्ण धरायचा. १९४८ च्या कायद्यात हे होतं, वेतन संहितेतही आहे. जादा तासाला दुप्पट, हेही. १२ तासांच्या पाळीत ते कुठं मांडलंय, दाखवा.

आणि दहा कामगारांच्या आत राहिलं की ईएसआय नाही, म्हणून एकाच शेडमधले माग भावाभावांच्या नावावर वाटलेले आहेत. तुम्ही केलंय असं म्हणत नाही, पण हे गावाला माहीत आहे.

जिथं ईएसआय आहे तिथंही ठेकेदार बदलला की नवा विमा नंबर काढतात. आजारपणाच्या पगाराला सहा महिन्यांच्या वर्गणी काळात ७८ दिवस भरावे लागतात, आणि पहिल्यांदा नोंद झालेल्याला तो हक्क नऊ महिन्यांनी सुरू होतो. नवा नंबर म्हणजे घड्याळ परत शून्यावर. जुना नंबर लिहून ठेवा आणि नव्या ठेकेदाराला तोच लावायला सांगा. कामावर भाजलं, बोट गेलं तर मात्र दिवसांची अट नाही, पगाराच्या ९० टक्के मिळतात, फक्त अपघाताची नोंद त्याच दिवशी मालकाकडून करून घ्या.

पीटीबद्दल करवीरकरांना एक सांगतो. वस्त्रोद्योगातल्या बदली कामगाराला (कायम माणसाच्या जागी बोलावलेल्याला) हा कर आधीपासूनच माफ आहे, ६५ च्या वरच्यालाही. तरी कापलेला दिसला तर हिशेबनीसाला सांगून पुढच्या महिन्यात वळता करून घ्या.

करवीरकर
बदलीवाल्यांचं मी धरलंच नव्हतं, ते बरोबर आहे. खर्चीवाले, दहाच्या आतल्या शेडना ईएसआय लावायचा आणि मालकाच्या सव्वातीन टक्क्यांतला वाटा काही वर्षं राज्यानं भरायचा, अशी मागणी केली तर तुम्ही सही कराल का? विजेला सवलत मिळते तशीच ही. १३,००० वर तो वाटा महिन्याला माणशी ४२३ रुपये होतो.

खर्चीवाला
४२३ राज्य भरणार असेल तर करेन. पण व्यापाऱ्याच्या मजुरीचा मुद्दा त्याच अर्जात पहिल्या नंबरला पाहिजे.