वीज नियामक आयोगाचं कन्सल्टंटचं टेंडर छोट्या फर्मने भरावं का?

पुणेकर_कॉस्टिंग
नमस्कार मंडळी. आमची पुण्यात छोटी फर्म आहे, दोघं कॉस्ट अकाउंटंट आणि महावितरणमधून रिटायर झालेले एक इंजिनिअर साहेब. आत्तापर्यंत कारखान्यांची वीजबिलं, ओपन अ‍ॅक्सेसचे (दुसऱ्या पुरवठादाराकडून वीज घेण्याच्या सोयीचे) हिशेब असली खाजगी कामं केली. आता कळलं की राज्य वीज नियामक आयोग टॅरिफ पिटिशन (वीज कंपन्यांचे दर ठरवण्यासाठीचे अर्ज) तपासायला बाहेरून कन्सल्टंट घेतं. सरकारी टेंडर आम्ही कधीच भरलेलं नाही. आयोग हे काम बाहेर का देतं, त्यांचा स्टाफ नसतो का? सगळ्यात कमी दर टाकला की काम मिळतं का? आणि ईएमडीत (टेंडरसोबत भरायच्या अनामत रकमेत) किती पैसे अडकतात? जाणकारांनी सांगा प्लीज.

बिड_डेस्क_ठाणे
बाहेर देण्याचा अधिकार कायद्यातच आहे, वीज कायदा २००३, कलम ९१(४), आयोग कन्सल्टंट नेमू शकतं. आणि स्टाफ असतो हो, पण कामाचा लोंढा एकदम येतो. महावितरण, महापारेषण, महानिर्मिती, बेस्ट, टाटा, अदानी, सगळ्यांच्या पिटिशन मागोमाग येऊन पडतात आणि अर्ज आल्यापासून १२० दिवसांत निकाल द्यायचा असं कलम ६४ म्हणतं, त्यात जनसुनावणी, लोकांच्या हरकती, हे सगळं बसवायचं. मग आकडेमोड, मॉडेल, डेटा गॅप काढणं ही कामं कन्सल्टंट करतो. निर्णय मात्र आयोगाचाच, सही सदस्यांची.

दराबद्दल. अशी कामं बऱ्याचदा क्यूसीबीएसवर निघतात, म्हणजे गुणवत्ता आणि दर दोन्हीला मार्क. समजा गुणवत्तेला ७० टक्के आणि दराला ३० टक्के वजन आहे. एकाला टेक्निकलमध्ये ९० आणि दर ४० लाख, दुसऱ्याला ७८ आणि दर ३० लाख. दर कमी असणाऱ्याला फायनान्शियलमध्ये १००, पहिल्याला ७५ (३० भागिले ४०). बेरीज केली की पहिला ८५.५ आणि दुसरा ८४.६. म्हणजे १० लाख महाग असूनही काम पहिल्याला! पण प्रत्येक टेंडरमध्ये हे असंच असेल असं नाही, सिक्युरिटी, हाऊसकीपिंग, गाड्या असल्या कामांना सहसा सरळ एलवनच (सगळ्यात कमी दरवालाच) चालतो, तेव्हा मूल्यांकनाचं पान आधी वाचा.

फाइलवाला_रिटायर्ड
वरच्यांनी बरोबर सांगितलंय, पण तुमची खरी अडचण वेगळीच आहे, ती कोणी बोललंच नाही. रेग्युलेटरच्या टेंडरमध्ये हितसंबंधांचा मुद्दा सगळ्यात आधी बघतात. तुमचे क्लायंट कारखानदार आहेत ना? टॅरिफच्या सुनावणीत हरकत घ्यायला हेच लोक येतात, आणि कदाचित ती हरकत लिहून द्यायला तुम्हीच! मग त्याच पिटिशनची तपासणी आयोगाच्या बाजूने कशी करणार? इंजिनिअर साहेबांचंही तेच, कधी रिटायर झाले, कुठल्या विभागात होते, महावितरणचं काही काम अजून चालू आहे का, हे आधीच कागदावर सांगून टाका. लपवलं आणि नंतर निघालं तर काम जातंच, वर ब्लॅकलिस्टची टांगती तलवार. अटीत काय लिहिलंय ते नीट बघा, आणि शंका असेल तर प्री-बिडला (टेंडर भरण्याआधीच्या शंकांच्या बैठकीला) लेखी विचारा. त्याचं उत्तर सगळ्यांसाठी पोर्टलवर चढतं, आणि अट बदलली तर शुद्धिपत्रक निघतं.

कोथरूडचा_शंकासुर
हे सगळं पुस्तकी आहे राव, माणूस आधीच ठरलेला असतो. टर्नओव्हरची अट बघा ना, छोट्यांना आत घेतच नाहीत.

फाइलवाला_रिटायर्ड
@शंकासुर काही ठिकाणी तसं होतं, नाही कशाला म्हणू. पण अट कामाच्या मानाने अवाजवी वाटत असेल तर लेखी हरकत घ्यायची ती प्री-बिडलाच. तोंडी कुरकुर फायलीवर येत नाही, आणि दर उघडल्यावर केलेल्या तक्रारीला वजन उरत नाही.

बिड_डेस्क_ठाणे
ईएमडीचं राहिलंच. केंद्राच्या जीएफआर २०१७ मध्ये (सरकारी खर्च-खरेदीचे नियम) अंदाजित किमतीच्या २ ते ५ टक्के असते, सूक्ष्म-लघु उद्योगांना त्यात माफी आहे. राज्याच्या संस्थांना राज्याचे जीआर (शासन निर्णय) लागतात, म्हणून उद्यम नोंदणी (लघु उद्योगाची सरकारी नोंद) असली तरी माफी गृहीत धरू नका, त्या टेंडरमध्येच बघा. काम न मिळाल्यास रक्कम परत येते, फक्त यायला वेळ लागतो, ते पैसे अडकले असंच धरून चाला.

आणि महाटेंडर्सवर (राज्याच्या ऑनलाइन टेंडर पोर्टलवर) भरणार असाल तर क्लास थ्री डीएससी (डिजिटल सही) आत्ताच काढून ठेवा. दराच्या बीओक्यू (दर भरायचा तक्ता) एक्सेलचं नाव बदलायचं नाही, डाउनलोड झालेल्याच नावाने चढवायची. टेक्निकलच्या पीडीएफमध्ये दराचा एक आकडाही दिसला तर बिड बाद. सगळं अपलोड करून झाल्यावर ‘फ्रीझ बिड’ दाबावंच लागतं, आमच्या ओळखीतला एकजण कागद चढवून निवांत घरी गेला, ते बटण दाबलंच नव्हतं, बिड जमाच झाली नाही. शिवाय घड्याळ पोर्टलचं चालतं, तुमच्या मोबाइलचं नाही.

पुणेकर_कॉस्टिंग
बापरे, कारखान्यांचा मुद्दा डोक्यातच आला नव्हता. एका क्लायंटची हरकत आम्हीच ड्राफ्ट केली होती. मग एखाद्या मोठ्या फर्मबरोबर जॉइंट भरलं तर चालतं का?

फाइलवाला_रिटायर्ड
टेंडरमध्ये कन्सॉर्टियम (फर्मनी मिळून भरणं) चालतं असं लिहिलं असेल तरच. आणि तिथेही हितसंबंधांचं डिक्लरेशन प्रत्येक मेंबरला द्यावं लागतं, मोठ्या फर्मच्या मागे लपता येत नाही. त्यापेक्षा ज्या कामात तुमच्या क्लायंटचा संबंध नाही, असं आयोगाचं दुसरं छोटं काम निघतं का बघा, अनुभवाचा दाखलाही मिळेल.